जमिनीतला एसी ठाण्यात का परवडत नाही

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांमुळे 'जिओथर्मल' म्हटलं की आपल्याला उकळतं पाणी आठवतं. घरगुती जिओथर्मल हीट पंपाचा त्याच्याशी संबंध नाही. हा पंप म्हणजे आपला फ्रीजच. उष्णता एकीकडून उचलायची, दुसरीकडे टाकायची. फरक एवढाच की टाकायची जागा हवेत नसून जमिनीत असते.

अमेरिकेत एका घराला याचा खर्च साधारण 15 ते 35 हजार डॉलर येतो. तिथली 30 टक्के करसवलतही 2025 अखेर संपली. या खर्चातला मोठा वाटा यंत्राचा नसून खोदाईचा. एक टन क्षमतेला ढोबळमानाने 150 ते 200 फूट बोअर लागतं. तीन टनांना 450 ते 600 फूट, तेही दोन-तीन बोअरमध्ये आणि एकमेकांपासून 15-20 फुटांवर. नेरूळच्या रो-हाउसला मागे जेमतेम कपडे वाळत घालण्याइतकी जागा! खाली साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ, त्यातून उष्णता ग्रॅनाइटपेक्षा सावकाश वाहते. खाडीलगत तर वरच्या चिखलामुळे बोअर ढासळू नये म्हणून घालायच्या केसिंग पाइपचा खर्च वेगळा.

बरं, एवढं खोदून मिळतं काय? काही मीटर खाली जमिनीचं तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिर असतं. अमेरिकेच्या उत्तर भागात ते 10 अंशांच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यात तिथे गारवा जवळजवळ फुकट. ठाण्यात ते 27-28. मे महिन्याच्या दुपारी बाहेर 35 असताना फायदा सात-आठ अंशांचा, आणि रात्री एसी चालू असतो तेव्हा तोही उरत नाही. शिवाय तिकडे हिवाळ्यात घर तापवायला जमिनीतली उष्णता परत काढून घेतात. आपण वर्षभर नुसती ओतत राहणार, त्यामुळे बोअरभोवतालचा कातळ वर्षागणिक तापत जाणार.

माझ्या मते इथे हीट पंप घ्यावा, पण हवेतून उष्णता घेणारा, आणि तो आंघोळीच्या पाण्यासाठी. 100 लिटर पाणी 25 वरून 45 अंशांवर न्यायला साध्या गीझरला सुमारे 2.3 युनिट लागतात. हीट पंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तो गार हवा बाहेर टाकतो, म्हणून ड्राय बाल्कनी त्याला उत्तम. मात्र किंमत गीझरच्या कितीतरी पट. पाच-सहा माणसांच्या घरात ती वसूल होईल, दोघांच्या एकेका बादलीसाठी साधा गीझरच बरा.