प्रवाळभित्तींच्या सामाईक नकाशांची पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातील अनेक सागरी बेटे प्रवाळभित्तींच्या आधाराने टिकून आहेत. त्यांची मासेमारी, त्यांचे किनारे आणि कंकणद्वीपांची (कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटांची) तर जमीनसुद्धा प्रवाळांनीच घडवली आहे. तरीही या भित्ती कोठे आणि किती पसरल्या आहेत, याचा तपशीलवार नकाशा अलीकडेपर्यंत नव्हता. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये जगातील प्रवाळभित्तींचा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला खरा. परंतु हिंदी महासागरातील कीलिंगसारखी, स्वतः पाहिलेली मोजकी बेटे वगळता त्याची भिस्त सागरी नकाशांवर आणि दर्यावर्दींच्या वर्णनांवर होती.

१९७२ मध्ये पृथ्वीची चित्रे टिपणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला. १९९९ च्या लँडसॅट-७ च्या ३० मीटर तपशिलाच्या (एका ठिपक्यात ३० मीटर बाजूचा चौरस दाखवणाऱ्या) चित्रांवरून साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी नासाच्या अर्थसाहाय्याने जगभरच्या भित्तींचे वर्गीकरण हाती घेतले. आपल्याकडेही अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने १९९० च्या दशकात भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छ येथील प्रवाळांचे नकाशे तयार केले. मात्र त्या काळी लँडसॅट-७ च्या एका चित्राला ६०० डॉलर मोजावे लागत, आणि लहान बेटांवरील अभ्यासकांना ते परवडणे कठीण होते. २००८ मध्ये अमेरिकेने हा संपूर्ण संग्रह विनामूल्य खुला केला. कोणत्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा हा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो.

पुढचा टप्पा म्हणजे ‘ॲलन कोरल ॲटलस’ हा जगभरच्या प्रवाळभित्तींचा नकाशासंग्रह. हवाईतील प्रवाळशास्त्रज्ञ रूथ गेट्स यांच्या आग्रहातून आणि उद्योजक पॉल ॲलन यांच्या पाठबळातून २०१८ मध्ये तो सुरू झाला. दुर्दैवाने दोघेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवर्तले. प्लॅनेट कंपनीच्या लहान उपग्रहांची चित्रे, क्वीन्सलँड विद्यापीठाचे वर्गीकरण आणि ठिकठिकाणच्या संशोधकांनी पाण्यात उतरून केलेल्या नोंदी यांच्या आधारे २०२१ मध्ये जगाचा नकाशा पूर्ण झाला, आणि तो सर्वांना खुला आहे. त्यावरून २०२४ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार उथळ प्रवाळभित्तींचे क्षेत्र सुमारे ३ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर आहे. पण प्रवाळांचा प्रत्यक्ष अधिवास त्यापैकी जेमतेम ८० हजार चौरस किलोमीटरांचा आहे.

पाण्यातील नोंदींची गरज मात्र संपलेली नाही. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जात असल्याने उपग्रहाला मुख्यतः निळ्या-हिरव्या प्रकाशावर विसंबावे लागते, आणि त्यात जिवंत प्रवाळ व शेवाळाने झाकलेला मृत सांगाडा यांतला फरक सहज कळत नाही. मालवणच्या किनाऱ्यासारखे पाणी गढूळ आणि प्रवाळ विखुरलेले असतील, तर ही अडचण आणखी वाढते.