पारा कळवायचा कसा

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, ऐन भरात होता. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस नोंदवलं आणि बघता बघता तो आकडा देशभर फिरला. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की संवेदकात बिघाड होता, आकडा चुकीचा होता. पाठवण्यात मात्र काडीची चूक नव्हती. यंत्रातून जे निघालं तेच सर्व्हरवर पोचलं. मध्ये कोणी माणूस असता तर त्याने आधी थर्मामीटरकडे, मग आकाशाकडे बघितलं असतं आणि आकडा कळवायच्या आधी दोनदा डोळे चोळले असते.

तो माणूस मध्ये होता, आणि बराच काळ होता. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, १८६६ मध्ये पाऊस हुकला, १८७१ मध्ये पुन्हा हुकला. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. गावोगावच्या नोंदी त्याआधीही होत होत्या, पण महिन्याने टपालाने आलेलं तापमान अंदाजाच्या कामाचं नाही. तारायंत्रामुळे शेकडो मैलांवरची आजची हवा आजच एका नकाशावर मांडता आली.

तारेला पैसे पडत, तेही शब्दाप्रमाणे, आणि आकड्यांत पाच अंकांचा गट म्हणजे एक शब्द. म्हणून हवामानाची भाषाच पाच-पाच अंकांची झाली. पुढे ती जगभर एकसारखी ठरली आणि आजही वापरात आहे. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४२८६७. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या गटांत १०४५२ दिसलं की समजायचं: पहिला १ म्हणजे तापमानाचा गट, पुढचं ० म्हणजे शून्याच्या वर, आणि ४५२ म्हणजे ४५.२ अंश. दशांशचिन्ह नाही, एकक नाही, एक अक्षर वाया नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली, तिच्या काटकसरीतून आलेली ही सवय मात्र टिकली. नोंदीच्या वेळाही जगाच्या घड्याळाशी बांधलेल्या आहेत. सकाळी साडेआठला आपल्याकडे नोंद होते, कारण तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात.

माणसाशिवाय आकडा पाठवायची निकड आधी युद्धाला लागली. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३७ या जर्मन पाणबुडीने कॅनडातल्या लॅब्राडोरच्या निर्जन किनाऱ्यावर एक केंद्र गुपचूप बसवलं. धातूचे डबे, बॅटऱ्या, खांबावरचा अँटेना. दर तीन तासांनी ते आपोआप रेडिओवरून हवा कळवणार होतं. कॅनडावाल्यांना त्याचा थांग लागला तो थेट १९८१ मध्ये.

आपल्याकडे हे काम उपग्रहाने केलं. १९८३ च्या इन्सॅट-१बी वर दूरच्या केंद्रांचे संदेश झेलून खाली पाठवणारी यंत्रणा होती. रस्ता एकतर्फी. केंद्र बोलणार, पण ऐकलं गेलं की नाही हे त्याला कळणार नाही. त्यामुळे सुरुवातीच्या केंद्रांची रीत अशी की तोच संदेश अनियमित वेळी पुन्हा पुन्हा पाठवायचा. दोघे एकदम बोलले तरी एखादी खेप सुटी सापडतेच.

घरगुती केंद्रांच्या कामी आलेली युक्ती तेलवाल्यांकडची. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी वाळवंटातल्या तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवायला एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची ठरलेली रीत, रचला. उपग्रहाचा वेळ महाग, म्हणून संदेशाचं डोकं, म्हणजे मजकुराआधीचा ठरलेला भाग, कमीत कमी दोन बाइटचं. मला त्यातली सर्वांत आवडती सोय म्हणजे यंत्राचं मृत्युपत्र: जोडणी होतानाच यंत्र सर्व्हरकडे एक निरोप ठेवून देतं आणि ते न सांगता गप्प झालं तर सर्व्हर तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवतो. तारबाबू आजारी पडला तर निदान शेजारी तरी कळवायचा, त्याचीच ही भरपाई म्हणायची.

२०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप आली आणि हौशी लोकांचं फावलं. आमचंही. काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात मामांच्या घरावर एक केंद्र आहे, सर्व्हर नागपुरात माझ्या टेबलाखाली. सावलीसाठी कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक, मधून वारा जाईल अशा. वायफायचा नाद लवकरच सोडला. लाईन गेली की राउटर जातो, आणि वादळात लाईन जातेच, म्हणजे नेमका कामाचा आकडा हुकतो. मग जीएसएमचं, म्हणजे मोबाइल नेटवर्कचं, मॉड्यूल आणि सिमकार्ड. ते नेटवर्क शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतं. आमची पातळ वायर तेवढ्याने दमायची आणि सगळं यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मामा फोनवर विचारायचे, "अरे, तुझं ते पुन्हा झोपलं का रे?" जाड वायर आणि वीज क्षणभर साठवणारा एक मोठा कपॅसिटर लावल्यावर ते थांबलं.

दुसरा घोळ घड्याळाचा. इंटरनेटवर हवामान गोळा करणाऱ्या बहुतेक सेवा वेळ ग्रीनिचची मागतात. सुरुवातीला माझ्या आलेखात दुपारी चारचा गारांचा पाऊस सकाळी साडेदहाला पडलेला दिसे. तापमानही अमेरिकी सवयीने फॅरनहाइटमध्ये द्यावं लागतं. अशीच एक सेवा, वेदर अंडरग्राउंड, १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वेगळी झाली. तिने घरगुती केंद्रांसाठी ठरवलेली पद्धत साध्या वेबपत्त्याची आहे: केंद्राचं नाव, संकेतशब्द, वेळ आणि आकडे एकाच ओळीत. हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेने रेडिओ संदेश पाठवणाऱ्यांच्या, एपीआरएस या पद्धतीतही पारा फॅरनहाइटमध्येच, तीन अंकांत.

आता केंद्र दर दहा मिनिटांनी जागं होतं, नोंद मेमरी कार्डावर लिहितं, मग पाठवायचा प्रयत्न करतं. नेटवर्क नसेल तर नोंद वेळेसकट राखून ठेवतं. आकडा ४८ च्या वर गेला तर सर्व्हर तो नोंदवतो, पण आलेखावर चढवण्याआधी मला विचारतो. मी मामांना फोन लावतो. ते अंगणात जाऊन भिंतीवरचं जुनं थर्मामीटर वाचून सांगतात, आणि वर विचारतात की तुझ्या यंत्राला कूलर हवाय का.