काळा बॉल कुठला, त्यावरून ओळखा

नागपूरच्या मेट्रोत शेजारी बसलेला पोट्टा मोबाइलवर हिरवं टेबल उघडतो आणि सांगतो, "स्नूकर खेळून राहिलो." पडद्यावर मात्र बॉलवर आकडे, निम्म्यांवर पट्टे. हा पूल आहे, भाऊ! स्नूकरमध्ये १५ लाल, ६ रंगीत आणि एक पांढरा, आणि आकडा एकावरही नसतो.

खरी गोची काळ्या बॉलची. एट-बॉल पूलमध्ये तो आठ नंबरचा. आपले सातही सॉलिड (पूर्ण रंगाचे) किंवा स्ट्राइप (पट्टेवाले) संपेपर्यंत त्याच्यापासून चार हात दूर राहायचं. मध्येच पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या भोकात गेला, की डाव तिथेच हरला. शेवटी काळ्यासोबत पांढराही आत गेला तरी तेच. स्नूकरमध्ये उलट, सगळा जीव काळ्यावर. लालचा १ गुण, काळ्याचे ७. एक लाल, मग काळा. काळा परत आपल्या जागेवर ठेवतात, मग पुढचा लाल. पंधराही वेळा हे जमलं की १२०, त्यावर पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहा रंगांचे २७, म्हणून एकूण १४७ गुण. पूलची सवय असलेला माणूस स्नूकरमध्ये काळ्याला उगाच भितो, आणि स्नूकरवाला पूलमध्ये त्याच्यावरच झेपावतो. माझे कित्येक डाव असेच गेले.

स्नूकरचं टेबल १२ बाय ६ फुटांचं, पूलचं बहुधा ९ बाय साडेचार. मोबाइलवर दोन्ही तेवढ्याच पडद्यात बसवतात, त्यामुळे स्नूकरचे बॉल मोहरीएवढे दिसतात आणि बोट केसभर हललं तरी नेम चुकतो. त्यात पॉकेटच्या कडा गोलसर, म्हणून कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला घासत आलेला बॉल ओठावरून परत फिरतो.

तसा स्नूकर आपल्या घरचाच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो सुरू केला असं मानतात. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि राजधानी होती नागपूर.

अजनीहून झिरो माइलपर्यंत जाताना पूलचा एखादा डाव सहज उरकतो. स्नूकरचा पूर्ण फ्रेम, म्हणजे डाव, मे महिन्याच्या दुपारी, कूलरसमोर. मेट्रोत स्नूकरच हवा असेल तर गेममध्ये सिक्स-रेड आहे का ते बघा: सहाच लाल, कमाल ७५ गुण, आणि काळा तोच, सातचा.