यमक जुळलं म्हणजे वृत्त जमलं?

दादर-गिरगावच्या कविसंमेलनांत हा समज हमखास भेटतो: ओळींची शेपटं जुळली की कविता ‘वृत्तबद्ध’. तसं नाही. वृत्त म्हणजे ओळीतल्या अक्षरांचा ठरलेला, ठेक्यात बसणारा साचा. संस्कृतातले बहुतेक श्लोक काटेकोर वृत्तात आहेत, पण त्यांना यमक नाही.

‘भुजंगप्रयात’ हे वृत्त घ्या. ओळीत बारा अक्षरं, ‘लघु गुरु गुरु’ चार वेळा, एकूण २० मात्रा. (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप; लघु अक्षर एका मात्रेचं, गुरु दोन मात्रांचं.)

सकाळी निघे धावती आगगाडी
फलाटावरी थांबले लोक सारे

यमक नाही, ठेका पक्का. आता हे पाहा: ‘सकाळी लोकल येते भारी, उभी असते गर्दी सारी’. यमक खणखणीत, पण मात्रा १७ आणि १५; ठेका लंगडतो. पहिल्या ओळीत ‘निघे’चं नुसतं ‘निघते’ केलंत तरी अक्षरं तेरा होतात.

मोजताना फसगत होते ती उच्चारामुळे. बोलताना आपण ‘थांब्ले’ म्हणतो, ‘लोक’मधला ‘क’ अर्धा गिळतो. वृत्तात ‘ब’ आणि ‘क’ पूर्ण, एकेक मात्रेचे. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर आघात आला तरच गुरु: ‘गर्दी’तला ‘ग’ दोन मात्रांचा, ‘तुझ्या’तला ‘तु’ मात्र एका मात्रेचाच. इथे कागदापेक्षा कानावर विश्वास ठेवावा.

अभंगाचा हिशोब वेगळा. ‘मोठा अभंग’ या प्रकारात चार चरणांत ६, ६, ६, ४ अशी अक्षरं, लघु-गुरूचं बंधन नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. समजाचं मूळ बहुधा इथेच असावं.