कुंपण घालूनही नाहीसं झालेलं निळं फुलपाखरू

'लार्ज ब्लू' हे नावापुरतंच मोठं. पंख पसरले तरी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर; निळ्या फुलपाखरांच्या कुळात मात्र तेवढंही मोठंच. ब्रिटनमध्ये ते १७९५ सालापासून माहीत होतं. दुर्मिळ म्हणून संग्राहक त्याच्यामागे लागले आणि संख्या घटू लागली तेव्हा संशयही त्यांच्यावरच गेला. १९३०च्या दशकात त्याच्या एका जागेला चक्क कुंपण घातलं गेलं. संग्राहक बाहेर राहिले, गुरंही बाहेर राहिली आणि फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. कुंपण घालणाऱ्यांना आज हसणं सोपं आहे. तेव्हाच्या माहितीनुसार तेच शहाणपणाचं होतं.

या फुलपाखराची अळी मुंग्यांच्या घरात वाढते, हे १९१५च्या सुमारास चॅपमन, फ्रोहॉक आणि कॅप्टन प्युरफॉय या फुलपाखरू-अभ्यासकांच्या निरीक्षणांतून कळलं होतं. मादी रानटी थाईम या सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि खाली पडते. लाल मिर्मिका मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून उचलून नेते. मग सुमारे दहा महिने ही पाहुणी यजमानांचीच पिल्लं फस्त करते. तिचं ९८ टक्क्यांहून अधिक वजन तिथेच वाढतं.

मिर्मिकाची कुठलीही जात चालत असेल, हा समज मात्र चुकीचा होता. १९७०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी उरल्यासुरल्या वसाहतीत ठाण मांडून पाहिलं, तर पुरेशा अळ्या जगत होत्या त्या फक्त मिर्मिका सॅबुलेटी या एकाच जातीच्या घरात. या मुंगीला उबदार माती लागते. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की सावलीने माती दोन-तीन अंशांनी थंडावते आणि दुसऱ्या मिर्मिका तिची जागा घेतात. वर थाईम फुललेलाच असतो, त्यामुळे बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. उतारांवरची चराई कमी होत गेली होतीच. त्यात १९५३मध्ये ब्रिटनमध्ये शिरलेल्या मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाने गवत आखूड ठेवणारे ससेही मारले.

कारण सापडलं, पण उशिरा. इंग्लंडमधल्या डार्टमूरवरची शेवटची वसाहत १९७९मध्ये संपली. १९८३मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटावरून आणलेल्या फुलपाखरांपासून पुन्हा सुरुवात झाली. आता क्रम उलटा होता: आधी झुडपं काढायची, गुरं सोडायची, सॅबुलेटी वाढली की नाही ते तपासायचं आणि मगच अळ्या सोडायच्या. सॉमरसेटच्या पोल्डन टेकड्यांवर ही फुलपाखरं आता चांगली स्थिरावली आहेत.