मुंबईपासून वेगळा झालेला सिंध: नव्या प्रांताचा कारभार कसा बसला

१९३६ पर्यंत मुंबई इलाखा कारवारच्या किनाऱ्यापासून पार जेकबाबादच्या वाळवंटापर्यंत पसरलेला होता. मधे कच्छ आणि काठियावाडची संस्थाने. त्यामुळे सिंध हा इलाख्याचा भाग असला तरी जमिनीने त्याला जोडलेला नव्हता. मुंबईहून कराचीला जायचे तर सोयीचा रस्ता आगबोटीचा. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. ओरिसाचा जन्मही त्याच दिवशी झाला. सिंधच्या वेगळे होण्याची चर्चा बहुतेक वेळा हिंदू-मुस्लिम राजकारणाच्या अंगाने होते आणि त्यात तथ्य आहेच. पण नवा प्रांत चालवायचा कसा, पैसा कुठून आणायचा, नोकरभरती कोणी करायची, विधिमंडळाने बसायचे कुठे, या प्रश्नांचा इतिहास तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

इंग्रजांनी सिंध १८४३ मध्ये जिंकला. चार वर्षे तिथे चार्ल्स नेपियर स्वतंत्र गव्हर्नर होता. तो परतल्यावर, १८४७ मध्ये, सिंध मुंबईला जोडला गेला. मुंबईत बसून सिंधुकाठचा कारभार हाकणे अवघड जाते हे लवकरच लक्षात आले. मग १८६८ च्या एका कायद्याने गव्हर्नरचे बरेचसे अधिकार कराचीतल्या ‘कमिशनर इन सिंध’ या अधिकाऱ्याकडे सोपवता येऊ लागले. इलाख्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कमिशनरकडे एवढी सत्ता नव्हती. न्यायालयही वेगळेच होते. सिंधमधले खटले मुंबई हायकोर्टात जात नसत, कराचीच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टापुढे चालत.

खालची यंत्रणा मात्र मुंबईच्याच घडणीची होती. कलेक्टर, प्रांत, तालुका ही उतरंड तीच. आपल्याकडचा मामलेदार तिथे मुख्त्यारकार होता आणि तलाठ्याचे काम तपेदार करी. जमीन महसुलाचा कायदाही १८७९ चा, मुंबईचाच. कायदे आणि अंदाजपत्रक मुंबई कौन्सिलात ठरत, आणि सिंधच्या सभासदांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे, पावसाळी अधिवेशनाला तर पुणे. एक अधिकारी जवळजवळ राजासारखा, आणि त्याला जाब विचारणारी सभा समुद्रापलीकडे! सिंधी पुढाऱ्यांचा राग या रचनेवर होता आणि तो रास्त होता. १९१३ च्या कराची काँग्रेसमध्ये स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनी सिंधच्या वेगळेपणाचा मुद्दा मांडला, तेव्हा या मागणीत हिंदू-मुसलमान दोघेही होते. पुढच्या दीड दशकात ही एकी विरली. बॅ. जिना यांच्या १९२९ च्या चौदा मुद्द्यांत सिंधची मागणी आली आणि सिंधी हिंदूंचा मोठा वर्ग विरोधात गेला. त्यांचा मुख्य युक्तिवाद पैशाचा होता: हा प्रांत स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही.

तो युक्तिवाद खोटा नव्हता. सक्करजवळ सिंधू नदीवर बांधलेले लॉइड बॅरेज जानेवारी १९३२ मध्ये सुरू झाले होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाचे हे ६६ दरवाजांचे धरण मुंबई सरकारने कर्ज काढून बांधले होते. पाणी मिळालेली जमीन विकून आणि वाढलेल्या साऱ्यातून कर्ज फेडायचे, असा हिशेब होता. पण धरण पुरे होईतो जागतिक मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले. सिंध वेगळा काढायचा तर हे कर्जही त्याच्याच खात्यावर जाणार होते.

म्हणून निर्णय टप्प्याटप्प्याने झाला. गोलमेज परिषदेच्या उपसमितीने तत्त्वतः होकार दिला. माइल्स अर्व्हिंग यांच्या समितीने पैशाचा हिशेब तपासला, १९३२ मध्ये ब्रेन यांच्या अध्यक्षतेखाली सिंधमधल्या प्रतिनिधींची परिषद झाली आणि त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये घोषणा झाली. यानंतर नेमलेली ह्यू डाउ यांची प्रशासकीय समिती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नव्या प्रांताला कोणती खाती स्वतंत्र लागतील आणि कोणती मुंबईबरोबर सामाईक ठेवता येतील, याचा विचार या समितीकडे होता.

केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाची वाटणी सुचवणाऱ्या ऑटो निमायर यांच्या शिफारशीनुसार केंद्राने सिंधला दरसाल एक कोटीहून अधिक रुपयांचे अनुदान द्यायचे ठरले. ओरिसाच्या वाट्याला ४० लाख आले होते. बॅरेजची काळजी तर थेट १९३५ च्या भारत सरकार कायद्यात उतरली. बॅरेज आणि कालव्यांचा कारभार नीट चालवणे ही सिंधच्या गव्हर्नरची खास जबाबदारी, असे त्यात लिहिले होते. म्हणजे पाटबंधारे खाते मंत्र्याकडे असले तरी शेवटचा शब्द गव्हर्नरचा.

पहिले गव्हर्नर लॅन्सेलॉट ग्रॅहम हे केंद्राच्या विधी खात्यातून आले. पहिले वर्ष निवडून आलेले सरकार नव्हतेच. गव्हर्नर आणि त्यांना सल्ला देणारे मंडळ यांच्यावर कारभार चालला. नोकरभरतीसाठी ‘मुंबई-सिंध लोकसेवा आयोग’ असा एकच आयोग १९३७ मध्ये बसला. कॉलेजेही मुंबई विद्यापीठाकडेच राहिली. सिंधचे स्वतःचे विद्यापीठ १९४७ पर्यंत झाले नाही.

विधिमंडळ एकाच सभागृहाचे, ६० जागांचे. त्यांतल्या मुसलमानांसाठी ३३, सर्वसाधारण १८, स्त्रियांसाठी दोन, आणि उरलेल्या युरोपीय, व्यापारी, जमीनदार व कामगार यांच्या. सभागृह भरवायला इमारत नव्हती. ते भरू लागले कराचीच्या एन.जे.व्ही. हायस्कुलात. १८५५ साली सुरू झालेली ही सरकारी शाळा सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. मुंबईपासून फारकत घेतलेल्या प्रांताचे आमदार पहिली काही वर्षे याच वास्तूत भांडत होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. विधिमंडळाची स्वतःची इमारत १९४२ मध्ये तयार झाली.

१९३७ च्या निवडणुकीत सिंध युनायटेड पार्टी सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण तिचे दोन्ही बडे नेते, अब्दुल्ला हारून आणि शाहनवाज भुट्टो, स्वतःच पडले. ग्रॅहम यांनी सरकार बनवायला बोलावले ते थोडे आमदार पाठीशी असलेल्या गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांना. मुंबई सरकारात मंत्री राहिलेला, फाइल ओळखणारा हा माणूस होता. गव्हर्नरला तोच जवळचा वाटला यात नवल नाही, पण निवडणुकीचा कौल असा बाजूला सारणे नव्या प्रांताच्या प्रकृतीला मानवले नाही. तिघांचे छोटे मंत्रिमंडळ झाले. साठांच्या सभागृहात ३१ ची जुळणी सतत करत राहावी लागे, आणि दोन-चार जमीनदार आमदार रुसले की सरकार डळमळे. मार्च १९३८ मध्ये अंदाजपत्रकावरील कपात सूचनेवर हिदायतुल्ला पडले आणि अल्लाबक्ष सूमरो आले.

अल्लाबक्षांपुढेही तेच बॅरेज होते. कर्ज फेडायचे तर सारा वाढवायला हवा. सारा वाढवला की जमीनदार आणि पाठिंबा देणारे काँग्रेसवाले दोघेही नाराज. शेतसाऱ्याच्या या प्रश्नाने त्यांच्या सरकारला सतत घेरले. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाला स्वतःचा पक्ष आणि स्वतःचा पैसा होता. कराचीत दोन्हींची वानवा होती.

१९४१ मध्ये गव्हर्नर म्हणून आले ते ह्यू डाउ, प्रशासकीय समितीचे तेच अध्यक्ष. पुढच्या वर्षी अल्लाबक्षांनी सरकारी दडपशाहीच्या निषेधार्थ ब्रिटिश सरकारने दिलेल्या आपल्या पदव्या परत केल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये डाउ यांनी त्यांना पदावरून काढले. सभागृहाने त्यांच्यावर अविश्वास दाखवला नव्हता. पण १९३५ च्या कायद्यात मंत्री गव्हर्नरची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत. सरकारची सूत्रे पुन्हा हिदायतुल्लांकडे आली.

पाच वर्षांनी फाळणी झाली आणि सामाईक लोकसेवा आयोगही संपला. मुंबईचा १८७९ चा जमीन महसूल कायदा मात्र सिंधमध्ये १९६७ पर्यंत लागू होता.