स्वतःची बाजू स्वतः मांडणं (विकासात्मक दिव्यांगत्व)

स्वतःची बाजू स्वतः मांडणं, ज्याला सगळीकडे सेल्फ अ‍ॅडव्होकसी म्हणतात, म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगत्व अशा लहानपणापासून असणाऱ्या आणि जन्मभर सोबत राहणाऱ्या अवस्था असलेल्या माणसांनी आपली गोष्ट आपल्या तोंडाने, किंवा बोटाने, चित्राने, खुणेने सांगणं आणि त्या सांगण्यातूनच हक्क मागणं. आपबीती आणि मागणी यात वेगळी काढता येत नाही, कारण "ऑटोवाला मला एकट्याला बसू देत नाही" ही गोष्ट पण आहे आणि तक्रार पण आहे. आईवडील, शिक्षक, संस्था या माणसांच्या वतीने बोलतात त्यालाही अ‍ॅडव्होकसी म्हणतात आणि ते बोलणं लागतंच, पण या नोंदीचा विषय ते नाही. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे आणि आम्ही नागपूरचे आहोत, म्हणून बरीचशी उदाहरणं इथलीच येतील.

नागपूरचा या विषयाशी एक जुना संबंध आहे जो नागपुरातच फार लोकांना माहीत नसतो. भारतात मुलांची बुद्धिमत्ता मोजायला ज्या चाचण्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या त्यातली एक, मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी, जिला सायकॉलॉजिस्ट लोक मिसिक म्हणतात, ती नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ च्या सुमारास अमेरिकन वेश्लर चाचणीवरून तयार केली. त्याच मालिन यांनी वाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलचं भारतीय रूप केलं, ते आजही नागपूर आवृत्ती म्हणूनच ओळखलं जातं, त्यात ८९ मुद्दे आहेत, मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, शेजारी एकटं जातं का, पैसे हाताळतं का, असे. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट देताना केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी याच स्केलचा आधार घेतला, म्हणजे स्कोअर ५५ ते ६९ आला तर ५० टक्के दिव्यांगत्व, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के आणि त्याच्याही खाली १०० टक्के. म्हणजे देशभरातल्या लाखो घरांत जो आकडा दिव्यांगत्वाच्या कार्डावर छापून येतो त्याच्या मागे नागपूरचं काम आहे.

पण हे स्केल चालतं कसं तर माहिती सांगणाऱ्या माणसाला विचारून, बहुतेक वेळा आईला. माझ्या भावाचं सर्टिफिकेट काढायला गेलो तेव्हा तो टेबलाच्या बाजूला बसून होता आणि अर्धा तास त्याच्याबद्दल आईला विचारणं चाललं, आई सांगत गेली, याला हे जमते, ते जमत नाही, रस्ता एकटा ओलांडत नाही. तिथे तो मधेच म्हणाला, "मी जातो ना दूध आणाले." आई गप्प झाली कारण खरंच जायचा, गल्लीतल्या डेअरीपर्यंत, पण तिच्या डोक्यात रस्ता ओलांडणं म्हणजे मेन रोड होता. लिहिणाऱ्या व्यक्तीने ते लिहून घेतलं नाही. मालिन यांचा यात दोष नाही, त्या काळात जगभर असंच होत होतं आणि लहान मुलांसाठी आईला विचारावंच लागतं, पण माणूस तीस वर्षांचा झाला तरी हीच सवय राहते, की याच्याबद्दल दुसऱ्याला विचारायचं.

ही सवय मोडायची सुरुवात १९६० च्या दशकात स्वीडनमधे झाली, तिथे बौद्धिक दिव्यांग तरुणांचे क्लब होते, ते स्वतः ठरवायचे कुठे जायचं, पैसे कसे खर्चायचे, मग आपल्याला काय हवं यावर ते स्वतः चर्चा करायला लागले, बेंग्ट निर्ये हे नाव या कामाशी जोडलेलं आहे. १९७४ मधे अमेरिकेत ओरेगन राज्यात अशाच लोकांनी स्वतःची संघटना काढली, तिचं नाव पीपल फर्स्ट, म्हणजे आधी आम्ही माणूस. हे नाव तिथल्याच चर्चेतून आलं, आम्हाला आमच्या मतिमंदपणावरून ओळखू नका आधी माणूस म्हणून ओळखा असं म्हणणाऱ्यांकडून, आणि त्यानंतर चळवळ बऱ्याच देशांत पसरली. "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको" हे वाक्य सगळ्याच प्रकारच्या दिव्यांगांच्या चळवळीचं आहे, त्याचा जोर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात दिसतो, भारताने त्याला १ ऑक्टोबर २००७ ला मंजुरी दिली.

भारतात मात्र आधी पालक उभे राहिले. पालक संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ, परिवार, १९९५ मधे झाला, १९९९ मधे नॅशनल ट्रस्ट कायदा आला तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व या चौघांसाठीच, आणि त्याच्या मुळाशी पालकांचा एकच प्रश्न होता, आमच्यानंतर याचं काय. विदर्भात हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी वेगळ्या बाजूने लावून धरला, अनाथ दिव्यांग मुलं अठरा वर्षांची झाली की संस्थेतून बाहेर का काढायची म्हणून, त्यांना २०२४ मधे पद्मश्री मिळाली. या माणसांचं काम फार मोठं आहे आणि माझ्या आईसारख्या हजारो आया त्यांच्यामुळे उभ्या राहिल्या. तरी पालकाचा प्रश्न आणि त्या व्यक्तीचा प्रश्न नेहमी एकच नसतो हे मान्य करावं लागतं. आई म्हणते माझ्यानंतर याला कोण सांभाळेल, भाऊ म्हणतो मला काम कधी मिळेल, लग्न कधी होईल माझं.

कोर्टात हा फरक २००९ मधे लख्ख दिसला. चंडीगडच्या एका संस्थेत राहणारी सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणी गरोदर होती, हायकोर्टाने गर्भपाताचा आदेश दिला होता आणि तिला मूल हवं होतं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय हे करता येणार नाही. तिने काय सांगितलं त्यावर निकाल फिरला. दुसरं उदाहरण कोलकात्याच्या जीजा घोष यांचं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, २०१२ मधे परिषदेला गोव्याला जात असताना विमानातून उतरवलं गेलं, त्यांनी याचिका केली आणि २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने विमान कंपनीला १० लाख भरपाई द्यायला लावली. त्या स्वतः शिक्षिका आणि कार्यकर्त्या, पण बोलणं नेहमीसारखं नसलं की समोरचा धरून चालतो की हिला समजत नसणार. सेरेब्रल पाल्सीत बुद्धी पूर्ण शाबूत असणारे खूप लोक असतात, फक्त स्नायू ऐकत नाहीत, हे अजूनही सांगावं लागतं.

गोष्ट कोणाची

नागपुरात मतिमंद मुलांच्या शाळेत (नावं बदलली तरी लोक अजून असंच म्हणतात) वाढदिवसाला, वडिलांच्या पुण्यतिथीला जेवण द्यायची पद्धत आहे. लोक मनापासून देतात, मुलं पण खूश असतात, बुंदी आणि मसालेभात. मग ग्रुप फोटो निघतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी पेपरात. त्या फोटोतल्या पोराला कोणी विचारत नाही की तुझा फोटो टाकू का. आपबीती सांगण्यात सगळ्यात पहिला नियम हाच आहे, की गोष्ट ज्याची त्याची परवानगी, आणि परवानगी म्हणजे फॉर्मवर पालकाची सही एवढंच नाही, त्याला फोटो दाखवायचा, कोण कोण पाहणार ते सांगायचं, उद्या नको म्हणाला तर काढून टाकायचा. घरचे लोक यात सगळ्यात जास्त चुकतात, मी स्वतः भावाचे लहानपणीचे रडतानाचे व्हिडीओ नातेवाईकांना दाखवले आहेत, आणि आता तो म्हणतो दाखवू नको तर दाखवत नाही.

दुसरा त्रास म्हणजे गोष्ट दोनच साच्यात बसवली जाते, एक बिचारा आणि एक चमत्कार. जुलै २०२४ मधे दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी सिनेमातल्या चित्रणाविरुद्ध केलेल्या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिव्यांगांची टिंगल तर नकोच, पण असामान्य शक्ती असलेला वगैरे दाखवणं पण बरोबर नाही, आणि दाखवायचं तर त्यांना सोबत घेऊन. दिव्यांग हा शब्द सुद्धा यातच येतो, २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवल्यावर तो सरकारी झाला, काहींना आवडतो, काही म्हणतात आम्हाला दिव्य वगैरे काही नको, साधा रॅम्प द्या. मी या नोंदीत वापरलाय कारण कार्डावर तोच आहे.

बोलायचं कसं, ऐकायचं कसं

इथे खरं काम आहे आणि ते ऐकणाऱ्याचं जास्त आहे. बौद्धिक दिव्यांग माणसाला हो-नाहीचा प्रश्न विचारला तर तो बरेचदा हो म्हणतो, कारण जन्मभर हो म्हटलं की लोक खूश होतात हे तो शिकलेला असतो. म्हणून "तुला शाळेत चांगलं वाटते ना?" विचारून मिळालेलं "हौ" काही कामाचं नाही, "आज काय केलं, कोण होतं बाजूले, मग?" असं विचारावं लागतं, मधे थांबावं लागतं, आणि ते थांबणं कधी कधी पूर्ण मिनिटभर असतं. मजकूर सोपा करायचा तर छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, मोठा टाईप, बाजूला चित्र.

नागपुरात भाषेचा गुंता वेगळाच आहे. घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, रस्त्यावर आणि दुकानात हिंदी, थेरपीच्या सेंटरमधे अर्धं इंग्रजी. ज्या मुलाला एक भाषा पकडायलाच कष्ट पडतात त्याला ऑरेंज, संतरा आणि संत्रं तिन्ही शिकवतात आणि मग लिहितात भाषा विकास कमी. न बोलणाऱ्यांसाठी चित्रांचे बोर्ड आणि अ‍ॅप आहेत, चेन्नईचं "आवाज" नावाचं, आयआयटी मुंबईतून आलेलं "जेलो", पण टॅबलेट नसला तर वहीवर चिकटवलेले फोटो पण चालतात, फक्त त्यात आपल्या घरातले, आपल्या वस्तीतले फोटो हवेत, आणि "नको", "थांबा", "दुखते" हे शब्द पहिल्या पानावर हवेत. बहुतेक घरी पहिल्या पानावर पाणी, जेवण, शू असतं, नको नसतंच.

एक सावधगिरी. मदतनीस हात धरून टाईप करवतो आणि मुलगा कविता लिहितो असं कोणी दाखवलं तर जपून. फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन नावाच्या या पद्धतीची १९९० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा शब्द मदतनीसाचेच निघाले, त्याला नकळत. स्वतःच्या बोटाने, भले एकाच बोटाने, हळूहळू टाईप करणं वेगळं, ते त्याचं असतं.

मोर्चा, मारबत आणि मत

नागपूर हे गाऱ्हाणं रस्त्यावर सांगायची सवय असलेलं शहर आहे. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला, टेकडी रोडला अडवले जातात, त्यात दिव्यांगांचे आणि विशेष शाळांच्या कर्मचाऱ्यांचे पण असतात. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे एक मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत, सोबतच्या बडग्यांवर, ते पण पुतळेच, त्या वर्षीच्या तक्रारी लिहिलेल्या असतात. आणि दीक्षाभूमीच्या शहरात शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे कोणाला शिकवावं लागत नाही. तरी बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिस्टिक माणसं या गर्दीत स्वतः फार कमी दिसतात, गोंगाट आणि धक्काबुक्की सहन होत नाही हे एक कारण, आणि माईक त्यांच्या हातात येत नाही हे दुसरं. शिष्टमंडळात एक जागा त्यांची, निवेदनाची एक प्रत सोप्या मराठीत चित्रांसह, बोलायला आधीपासून तयारी आणि शांत खोली, एवढं करता येतं.

कायदा आता बाजूने आहे. १९ एप्रिल २०१७ ला लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५ च्या कायद्यात ७ होते), कलम १३ इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य करतं, कलम १४ मर्यादित पालकत्वाचं आहे, म्हणजे निर्णय पालक आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून, तिची इच्छा विचारून. तिकडे नॅशनल ट्रस्ट कायद्यात अठरा पूर्ण झाल्यावर कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, या समितीत एक दिव्यांग व्यक्ती असायलाच हवी, फक्त कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व ते कायद्याने सांगितलेलं नाही. माझ्या मते ती जागा बौद्धिक दिव्यांग किंवा ऑटिस्टिक माणसाला दिली तर समितीचे प्रश्नच बदलतील. बँकेत मात्र अजून काऊंटरवरून विचारतात, "सोबत कोण आहे?"

मतदानाबद्दल फार गैरसमज आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आहे म्हणून मतदार यादीतून नाव जात नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सक्षम कोर्टाने मनोविकल म्हणून जाहीर केलं असेल तरच जातं. माझ्या भावाचं नाव यादीत टाकायला आम्ही घरच्यांनीच दोन निवडणुका घालवल्या, याला काय समजते म्हणून. १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं, दिव्यांग हक्क कायदा लागू होऊन बरोबर सात वर्षं झालेली, त्या दिवशी तो गेला. आदल्या रात्री उमेदवारांची चिन्हं कागदावर काढून आम्ही त्याला दाखवली होती, कोणाला दे हे कोणी सांगितलं नाही. ऊन मरणाचं होतं, रांगेत तो दोनदा बाहेर जाऊन आला. बाहेर पडल्यावर शाई लागलेलं बोट गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरला. शेजारच्या काकांनी मला विचारलं, कोणाला दिलं जी यानं. मी म्हटलं त्यालाच विचारा. त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "सांगत नसतात काका."